सकाळपर्यंत थांबू का?

वाचकांचे प्रश्न, प्लास्टिक सर्जनची उत्तरं

मागच्या अंकात मी स्तनांच्या सौंदर्य-शस्त्रक्रियांबद्दल लिहिलं होतं. आकार वाढवणं, कमी करणं, ओघळलेले स्तन वर उचलणं, जुनं इम्प्लांट (आकार वाढवायला आत बसवलेली कृत्रिम पिशवी) काढणं. शेवटी एवढंच म्हटलं होतं की शस्त्रक्रियेनंतर काही बिघडलं तर काय करायचं, हे विचारायला संकोच करू नका. त्यावर पत्रांचा गठ्ठाच आला. बऱ्याच पत्रांखाली नाव नाही. एकीने तर पहिल्याच ओळीत लिहिलंय, "हे घरात कुणालाच माहीत नाही." नावं गाळून आणि ओळख पटेल असे तपशील बदलून त्यातली काही पत्रं इथे घेते आहे.

*

पुढच्या महिन्यात माझी स्तनांचा आकार वाढवण्याची शस्त्रक्रिया आहे. सूज येणार, दुखणार, हे सर्जननी सांगितलंय. पण किती सूज ठीक आणि किती झाली की घाबरायचं, ते मला कळत नाही. रात्री-बेरात्री फोन करून त्रास द्यायला मला आवडत नाही. सकाळपर्यंत थांबलं तर चालतं का? (वय २९)

ताई, तुमचा शेवटचा प्रश्न आधी घेते, कारण त्याचं उत्तर मी एका पेशंटकडून शिकले आणि ते शिकताना चूक माझी झाली होती.

मी नवीन होते तेव्हाची गोष्ट. दुपारी शस्त्रक्रिया झाली, संध्याकाळी बाई घरी गेल्या. रात्री साडेदहाला त्यांचा फोन आला. सुरुवातच "सॉरी डॉक्टर, एवढ्या रात्री त्रास देते" अशी. म्हणाल्या, "ब्राची पट्टी एका बाजूला रुततेय. दुपारी दोन्हीकडे सारखी होती." मी विचारलं, दुखतंय का? "थोडं जास्त दुखतंय, पण सहन होतंय." मी त्यांना दुखण्याची गोळी घ्यायला सांगितली आणि सकाळी दाखवा म्हटलं. पहाटे पाचला त्यांच्या बहिणीचा फोन. डावा स्तन उजव्याच्या दीडपट झाला होता, त्वचा ताणून चकाकत होती, काखेपर्यंत जांभळं पसरलं होतं. आत एक छोटी रक्तवाहिनी वाहत होती. ऑपरेशन थिएटरमध्ये परत नेऊन गुठळ्या काढल्या, वाहिनी बंद केली, सगळं धुऊन तेच इम्प्लांट परत बसवलं. बाई बऱ्या झाल्या. पण रक्त साचून राहिलं की त्या बाजूला पुढे इम्प्लांटभोवती शरीराने विणलेलं आवरण घट्ट होण्याची शक्यता वाढते, आणि त्यांचं तसंच झालं. वर्षभराने पुन्हा एक शस्त्रक्रिया करावी लागली. रात्री साडेदहाला मी उठून गेले असते तर कदाचित ती टळली असती.

त्या बाईंनी मला नेमकं लक्षण सांगितलं होतं, मलाच ते ऐकू आलं नाही. "पट्टी एका बाजूला रुततेय" याचा अर्थ एक बाजू वाढतेय. सूज दोन्हीकडे येते, साधारण सारखी येते आणि हळूहळू येते. रक्तस्राव बहुधा एकाच बाजूला होतो आणि तासांच्या हिशोबात वाढतो. बहुतेक वेळा तो पहिल्या दोन दिवसांतच होतो, क्वचित नंतरही.

म्हणून आता मी प्रत्येकीला घरी पाठवण्याआधी आरशासमोर उभी करते. दोन्ही स्तनांवर दोन्ही तळवे अलगद ठेवायला लावते. दाबायचं नाही, नुसतं टेकवायचं. दोन्हीकडचा कडकपणा आणि गरमपणा हाताला कळू दे. मग तिच्याच मोबाइलवर समोरून एक फोटो. घरी गेल्यावर दर चार तासांनी तेच करायचं, त्याच उजेडात, त्याच अंतरावरून. वाटलं की एक बाजू वेगळी झाली, तर फोन. फोटो सोबत पाठवला की मला दहा सेकंदांत समजतं.

मग फोन केव्हा करायचा? एक बाजू अचानक मोठी, टणक किंवा जांभळी झाली तर. गोळीने दुखणं कमी व्हायच्या ऐवजी वाढत असेल तर. स्तनाग्राचा रंग निळसर, काळपट किंवा पांढराफटक वाटला तर. ताप ३८ अंश सेल्सिअसच्या वर गेला, लाली पसरायला लागली, जखमेतून पू किंवा वास येणारं पाणी आलं तर. यातलं काहीही झालं तर घड्याळ बघायचं नाही. आणि एका पायाची पोटरी दुखून सुजली, दम लागला, श्वास घेताना छातीत कळ आली, तर माझ्या फोनचीही वाट बघायची नाही. सरळ जवळच्या हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत जायचं. पायातल्या शिरेत झालेली रक्ताची गुठळी फुप्फुसात पोचली तर मिनिटं मोजावी लागतात. गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील, घरात कुणाला अशा गुठळ्या झाल्या असतील, तर आत्ताच सर्जनना सांगून ठेवा. आणि शस्त्रक्रियेच्या दिवशी संध्याकाळपासूनच घरातल्या घरात थोडं थोडं चाला.

रक्तस्राव टाळण्यासाठी तुमच्या हातात काय आहे, तेही सांगते. अॅस्पिरिन, आयबुप्रोफेन, माशाच्या तेलाच्या कॅप्सूल, व्हिटॅमिन ई, लसणाच्या किंवा गिंकोच्या गोळ्या, "नैसर्गिक" म्हणून घेतलेली कुठलीही पावडर. सगळ्याची यादी करा आणि सर्जनना दाखवा. बऱ्याच गोष्टी दोन आठवडे आधी बंद करायला सांगतात. पण हृदयासाठी किंवा गुठळीसाठी कुणी रक्त पातळ करणारी गोळी लिहून दिली असेल, तर ती स्वतःच्या मनाने एक दिवसही थांबवू नका. ती देणारे डॉक्टर आणि सर्जन मिळून ठरवतील. ब्लड प्रेशर आटोक्यात हवं. बद्धकोष्ठ होऊ देऊ नका, कारण जोर केला की दाब वाढतो. वस्तू उचलणं आणि हात डोक्यावर नेणं सर्जननी सांगितलेल्या दिवसापर्यंत नाही.

आणि शस्त्रक्रियेआधी एक प्रश्न नक्की विचारा: "रात्री दोन वाजता फोन केला तर उचलणार कोण?" त्याचं स्पष्ट उत्तर मिळालं नाही, तर तारीख पक्की करण्याआधी पुन्हा विचार करा.

*

माझ्या पत्नीची स्तन लहान करण्याची शस्त्रक्रिया तीन आठवड्यांवर आली आहे. ती दिवसाला सात-आठ सिगारेट ओढते. सर्जनना तिने "सोडली" असं सांगितलंय. सोडलेली नाही. मी मध्ये पडलो तर भांडण होतं. एवढा फरक पडतो का? (वय ३८)

पडतो. या शस्त्रक्रियेत तर फारच.

स्तन लहान करताना आम्ही स्तनाग्र पूर्ण सुटं करत नाही. त्याला रक्त पुरवणारी ऊतींची एक पट्टी राखून ठेवतो, भोवतालचं काढतो आणि स्तनाग्र त्या पट्टीसकट नव्या जागी वर नेतो. देठावर फूल तोलून धरावं तसं ते त्या पट्टीवर जगत असतं. निकोटिन बारीक रक्तवाहिन्या आवळून टाकतं. धुरातला कार्बन मोनॉक्साइड रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची ताकद कमी करतो. आधीच कमी झालेला पुरवठा आणखी कमी होतो. मग स्तनाग्राचा काही भाग किंवा सगळं स्तनाग्र काळं पडून गळून जाऊ शकतं. खालच्या बाजूला उलट्या टी आकाराचे टाके जिथे एकत्र येतात, तिथली जखम उघडून आठवडेच्या आठवडे ड्रेसिंग करत राहावं लागतं.

मी अशी जखम दोन महिने रोज पाहिलेली आहे. पेशंट पंचविशीतली. तिने मला शस्त्रक्रियेच्या सकाळी सांगितलं होतं, "एकच ओढली, टेन्शन आलं म्हणून." मी त्या दिवशी थांबायला हवं होतं. थांबले नाही. आता थांबते. पेशंट रागावतात, तारीख जाते, पण थांबते.

किमान चार आठवडे आधी आणि चार आठवडे नंतर निकोटिन पूर्ण बंद हवं. तंबाखू कुठल्याही रूपात असो, वेप असो, निकोटिनचा पॅच किंवा च्युइंगम असो. पॅचमध्ये धूर नाही, पण निकोटिन आहेच, त्यामुळे त्याबद्दलही सर्जनना सांगायला हवं. लघवीत कोटिनिन (निकोटिनपासून शरीरात तयार होणारा पदार्थ) तपासून निकोटिन चालू आहे का ते कळतं. अनेक सर्जन ही तपासणी करतात.

पत्नीशी बोलताना "तू खोटं बोललीस" इथून सुरुवात करू नका. सिगारेट एका वाक्यात सुटत नाही, हे आम्हाला माहीत आहे. तिने सर्जनना एवढंच सांगावं: "अजून सुटलेली नाही, मला मदत हवी आहे." तारीख दोन महिने पुढे जाईल. शस्त्रक्रिया पुढे ढकलता येते, गेलेलं स्तनाग्र परत आणता येत नाही. तिचं ऐकूनच घ्यायचं नसेल, तर हे पान तिच्यासमोर उघडं ठेवा.

*

सात महिन्यांपूर्वी इम्प्लांट बसवले. उजवी बाजू छान मऊ आहे. डावी गेल्या दोन महिन्यांपासून कडक झाली आहे, वर सरकल्यासारखी दिसते, कुशीवर झोपलं की दुखते. मैत्रीण म्हणते, जोरात मसाज केला की आतलं आवरण फुटतं आणि मोकळं होतं. (वय ४१)

जोरात मसाज अजिबात करू नका. एके काळी सर्जन स्वतःच दोन्ही हातांनी स्तन दाबून आवरण फोडत असत. त्यात इम्प्लांट फुटायचं, आत रक्तस्राव व्हायचा, म्हणून ती पद्धत सोडून दिली गेली. घरी तर करायचीच नाही.

तुम्ही जे लिहिलंय, त्याला आम्ही कॅप्स्युलर काँट्रॅक्चर म्हणतो. शरीरात बाहेरची कुठलीही वस्तू ठेवली की शरीर तिच्याभोवती एक पातळ पडदा विणतं. पेसमेकरभोवतीही विणतं. बहुतेक जणींत तो मऊच राहतो. काहींत तो जाड होऊन आकसतो आणि मुठीत चेंडू आवळावा तसा इम्प्लांटला आवळतो. त्याच्या चार पायऱ्या आहेत. पहिली पूर्ण मऊ. दुसरीत हाताला थोडा कडक, दिसायला ठीक. तिसरीत आकार बदललेला दिसतो. चौथीत कडक, वेडावाकडा आणि दुखरा. तुमच्या वर्णनावरून तुम्ही तिसऱ्या-चौथ्या पायरीवर आहात असं वाटतं, पण हात लावल्याशिवाय खात्रीने सांगता येणार नाही.

कारणं एकापेक्षा जास्त आहेत. साचलेलं रक्त हे एक. दुसरं, आम्हाला सगळ्यात जास्त सतावणारं, म्हणजे इम्प्लांटच्या पृष्ठभागावर चिकटून बसलेल्या जंतूंचा चिकट थर. हे जंतू बहुधा त्वचेवर एरवी निमूट राहणारे असतात. ताप येत नाही, पू होत नाही, पण शरीराला सतत टोचणी राहते आणि आवरण जाड होत जातं. स्तनाच्या दुग्धनलिकांमध्येही जंतू असतात, म्हणून स्तनाग्राच्या कडेने छेद घेतला तर धोका थोडा जास्त, स्तनाखालच्या घडीतून घेतला तर कमी. इम्प्लांट स्नायूच्या वर, ग्रंथीच्या मागे ठेवलं तर जास्त, स्नायूच्या खाली ठेवलं तर कमी.

तुमच्यापुढे पर्याय असे. आधी सोनोग्राफी किंवा एमआरआय करून इम्प्लांट शाबूत आहे आणि भोवती पाणी नाही, याची खात्री. मग आवरण काढून नवीन इम्प्लांट नव्या जागेत बसवणं, किंवा इम्प्लांट नकोसंच झालं असेल तर दोन्ही बाजूंचं काढून टाकणं. तेच जुनं इम्प्लांट परत बसवू देऊ नका, कारण जंतूंचा थर असेल तर तो त्याच्यासोबत परत आत जातो. आणि एक गोष्ट कुणी लपवू नये: दुरुस्ती केल्यावरही काही जणींत हे पुन्हा होतं.

ज्यांची शस्त्रक्रिया व्हायची आहे त्यांनी सर्जनना विचारावं, थिएटरमध्ये यासाठी काय करता? मी काय करते ते सांगते. स्तनाग्रावर चिकट फिल्म लावून ते झाकते. इम्प्लांटचा डबा शेवटच्या क्षणी उघडते. त्याआधी ग्लोव्हज बदलते. जागा जंतुनाशक द्रावणाने धुते, आणि त्याहीआधी रक्ताचा एकेक ठिपका थांबवते. इम्प्लांट गुळगुळीत प्लॅस्टिकच्या नरसाळ्यातून सरकवते, म्हणजे त्याचा त्वचेला स्पर्शच होत नाही. त्या दोन मिनिटांत थिएटरमध्ये कुणी येत नाही, कुणी जात नाही. अशा प्रश्नावर कुणी सर्जन चिडत असेल तर मला नवल वाटेल. मला तरी हा प्रश्न आवडतो.

*

शस्त्रक्रियेला चार आठवडे झाले. हात वर केला की स्तनाखाली दोरीसारखं काही ताणल्यासारखं दिसतं आणि दुखतं. (वय ३३)

त्वचेखालच्या एखाद्या छोट्या शिरेला सूज येऊन ती दोरीसारखी होते. याला माँडरचा आजार म्हणतात. दिसायला भीतिदायक, पण काही आठवड्यांत आपोआप विरते. सर्जनना एकदा दाखवून घ्या. त्यांनी सांगितलं तर सूज कमी करणारी गोळी घ्या. ओढून तोडू नका.

*

स्तनाग्रं आणि खालचा भाग अजून बधिर आहे. पाच महिने झाले. परत येईल का? गरम पाण्याच्या पिशवीने शेकलं तर फायदा होईल का? (वय ३६)

संवेदना बऱ्याच जणींत हळूहळू परततात, वर्ष-दीड वर्षही लागतं. आधी मुंग्या येतात, मग कपड्याचा स्पर्श नकोसा वाटण्याइतकं हुळहुळतं. ते बहुधा परतीचंच लक्षण असतं. काहींना कायमचा फरक राहतो, हे शस्त्रक्रियेआधीच सांगायला हवं. तुम्हाला सांगितलं गेलं नसेल तर वाईट वाटतंय.

पण शेक? नको. पिशवीने नको, हीटिंग पॅडने नको, बर्फानेही नको. बधिर त्वचेला चटका कळत नाही. एक बाई माझ्याकडे आल्या, स्तनाखाली टेबलटेनिसच्या चेंडूएवढा फोड. रात्री पिशवी ठेवून झोप लागली होती. सकाळी ब्रा काढताना कातडी सोबत आली, तेव्हा कळलं. अंघोळीचं पाणीही आधी मनगटावर घेऊन बघा.

*

मला अकरा वर्षांपूर्वी इम्प्लांट बसवले. नवऱ्याला माहीत आहे, मुलींना नाही. गेल्या महिन्यापासून डावा स्तन मोठा दिसतोय. दुखत नाही. ब्लाउज एका बाजूला घट्ट होतो. आता या वयात कुणाकडे जाऊ? इम्प्लांटचं कार्डही सापडत नाही. (वय ५४)

ताई, तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. अंक निघेपर्यंत थांबायला नको, म्हणून संपादकांना तुम्हाला आधीच कळवायला सांगितलं आणि तुम्ही तपासणीची वेळ घेतली हे कळलं. बरं वाटलं. तरी उत्तर इथे सविस्तर देते, कारण अशी लक्षणं घेऊन गप्प बसलेल्या आणखी कुणीतरी हे वाचत असतील.

शस्त्रक्रियेनंतर वर्ष उलटल्यावर, विशेषतः बऱ्याच वर्षांनी, एका बाजूला नव्याने पाणी साचलं तर त्याची तपासणी झालीच पाहिजे. बहुतेक वेळा कारण साधं निघतं: इम्प्लांट फुटलेलं असतं, मार लागलेला असतो, सौम्य जंतुसंसर्ग असतो. पण क्वचित त्या पाण्यात लिम्फोमाच्या पेशी असतात. हा स्तनाचा कर्करोग नव्हे. इम्प्लांटभोवतीच्या आवरणात होणारा, रोगप्रतिकारक पेशींचा वेगळा कर्करोग आहे. नाव बीआयए-एएलसीएल. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०११ मध्ये त्याबद्दल पहिल्यांदा सावध केलं, २०१६ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्याला वेगळा आजार म्हणून नोंदवलं. तो मुख्यतः खरखरीत पृष्ठभागाच्या इम्प्लांटशी जोडलेला आहे, आणि बहुधा शस्त्रक्रियेनंतर आठ-दहा वर्षांनी दिसतो. म्हणूनच तुमची अकरा वर्षं वाचून मी सावध झाले. जुलै २०१९ मध्ये अॅलरगन कंपनीचे बायोसेल हे खरखरीत इम्प्लांट जगभरातून परत मागवले गेले, ते याच कारणाने.

आता धीराची गोष्ट. तो वेळेत सापडला, आवरणाच्या आतच असला, तर इम्प्लांट आणि संपूर्ण आवरण काढल्यावर बहुतेक जणी पूर्ण बऱ्या होतात. अनेकींना पुढे केमोथेरपीही लागत नाही.

तपासणीचा क्रम महत्त्वाचा. आधी सोनोग्राफी. पाणी दिसलं तर सोनोग्राफीच्या मार्गदर्शनाने सुईने काढायचं आणि सगळंच्या सगळं प्रयोगशाळेत पाठवायचं. पेशींची तपासणी, सीडी३० ही विशेष तपासणी आणि जंतूंचं कल्चर (नमुन्यातले जंतू वाढवून बघणं). चिठ्ठीवर "इम्प्लांट, उशिरा साचलेलं पाणी, एएलसीएलची शंका" असं स्पष्ट लिहायला सांगा. नाहीतर प्रयोगशाळा नेहमीचीच तपासणी करते. माझ्याकडे एक पेशंट अशा आल्या की त्यांचं पाणी दोनदा काढून फेकून दिलं होतं. सूज उतरली, बरं वाटलं, तिसऱ्यांदा भरलं. कुणी पाणी काढून "आता ठीक आहे" म्हणालं, तर विचारा, "पाठवलं कुठे?" आणि अहवाल येईपर्यंत घाईने शस्त्रक्रिया करून घेऊ नका. अहवालावर शस्त्रक्रियेचा प्रकार बदलतो.

कार्ड हरवल्याची काळजी करू नका. शस्त्रक्रिया झालेल्या हॉस्पिटलच्या नोंदींत इम्प्लांटचा स्टिकर चिकटवलेला असतो, त्यावर कंपनी, प्रकार, आकार आणि क्रमांक असतो. नोंद मिळाली नाही तरी तपासणी अडत नाही. (बाकीच्यांनी आज कपाट उघडून कार्ड शोधा आणि मोबाइलवर त्याचा फोटो काढून ठेवा.)

खरखरीत इम्प्लांट असलेल्या, पण काहीही त्रास नसलेल्या वाचकांनी हे वाचून इम्प्लांट काढायला धावू नये. लक्षणं नसताना केवळ भीतीपोटी काढायचा सल्ला दिला जात नाही. स्वतःच्या स्तनांची नेहमीची ठेवण हाताला माहीत असू द्या आणि बदल झाला तर दाखवा. सिलिकॉन जेलचं इम्प्लांट आत गुपचूप फुटलं तर बाहेरून कळत नाही. त्यासाठी शस्त्रक्रियेनंतर पाच-सहा वर्षांनी आणि पुढे दर दोन-तीन वर्षांनी सोनोग्राफी किंवा एमआरआय करावी, असं अमेरिकेच्या त्याच अन्न व औषध प्रशासनाने २०२० मध्ये सुचवलं. मॅमोग्राफीही टाळू नका. तिथल्या तंत्रज्ञाला आधी सांगा, म्हणजे इम्प्लांट मागे सरकवून जादा फोटो घेतले जातात.

मुलींना सांगायचं की नाही, हा तुमचा निर्णय. पण तपासणी करणाऱ्या डॉक्टरांपासून काही लपवू नका. या वयात कुणाकडे जाऊ, असं विचारलंत. ज्यांनी इम्प्लांट बसवलं त्यांच्याकडे जा. ते नसतील तर कुठल्याही प्लास्टिक सर्जनकडे किंवा स्तनरोगतज्ज्ञांकडे. "माझ्याकडे का आलात" असं कुणी म्हणणार नाही.

*

स्तन लहान करून चार महिने झाले. खालच्या बाजूला सुपारीएवढी टणक गाठ लागते. कॅन्सर असेल का, या विचाराने झोप नाही. (वय ४५)

बहुधा ती मृत चरबीची गाठ असेल. शस्त्रक्रियेत चरबीच्या काही भागाचा रक्तपुरवठा तुटतो, तो भाग मरतो, टणक होतो, कधी आत तेलकट पाणी धरतो. अनेक महिन्यांत ती लहान होत जाते. स्तनात चरबी भरून आकार वाढवलेल्यांनाही हे होतं.

पण "बहुधा" या शब्दावर तुम्ही झोपू नये, असं मला वाटतं. सोनोग्राफी करा, वयानुसार मॅमोग्राफी करा, आणि रेडिओलॉजिस्टना शस्त्रक्रियेची तारीख आणि छेदांची जागा दाखवा. शंका उरली तर सुईने तुकडा घेऊन तपासतात. शस्त्रक्रियेत काढलेला भाग तपासायला पाठवला होता का आणि त्याचा अहवाल काय आला, तेही मागून घ्या. तो तुमचाच कागद आहे.

*

दीड महिन्यापूर्वी इम्प्लांट बसवले. तिसऱ्या आठवड्यात एका बाजूला लाल झालं, पाणी यायला लागलं. अँटिबायोटिक झाले, उपयोग झाला नाही. शेवटी एका बाजूचं इम्प्लांट काढलं. आता एक बाजू सपाट, एक भरलेली. घरचे म्हणतात, "हौसेने केलंस, आता भोग." मी कुणाशी बोलू शकत नाही. (वय ३१)

हे वाक्य मी वेगवेगळ्या तोंडून इतक्यांदा ऐकलंय की माझा राग आता लपत नाही. गुडघा बदलल्यावर जंतुसंसर्ग झाला तर कुणी "भोग" म्हणत नाही. जंतू हौस आणि गरज यांत फरक करत नाहीत. तुमच्या शरीराबद्दल तुम्ही निर्णय घेतलात, तो घ्यायचा अधिकार तुमचा होता. पुढे जे झालं ती या शस्त्रक्रियेतली एक ज्ञात गुंतागुंत आहे. चांगल्या हातून, चांगल्या थिएटरमध्येही ती मोजक्या जणींत होते.

इम्प्लांट काढलं तेही बरोबरच केलं. त्याला स्वतःचा रक्तपुरवठा नसतो, त्यामुळे जंतू त्याला चिकटले की औषध तिथवर नीट पोचत नाही. अगदी सुरुवातीला, सौम्य संसर्ग असेल तर धुऊन, नवीन इम्प्लांट घालून कधी कधी बाजू वाचवता येते. तसं न झाल्यास काढणं हाच सुरक्षित मार्ग.

एक गोष्ट मला तुमच्या पत्रात खटकली. तिसऱ्या आठवड्यात पाणी, आणि नेहमीच्या अँटिबायोटिकने फरक नाही. कल्चरमध्ये काय उगवलं ते तुम्ही लिहिलं नाही. नेहमीच्या जंतूंपेक्षा हळू वाढणारे काही जंतू, क्षयाच्या जंतूंचे दूरचे भाऊबंद, साध्या कल्चरमध्ये बऱ्याचदा दिसत नाहीत. त्यांच्यासाठी वेगळी तपासणी मागावी लागते, नमुना जास्त दिवस ठेवावा लागतो, आणि ते असतील तर दोन-तीन औषधं मिळून काही महिने घ्यावी लागतात. तुमच्या सर्जनना विचारा, "अॅटिपिकल मायकोबॅक्टेरियाची तपासणी पाठवली होती का?" जखम पुन्हा पुन्हा झिरपत असेल तर हा प्रश्न आणखीच महत्त्वाचा.

नवीन इम्प्लांटची घाई नको. जखम पूर्ण भरून ऊती मऊ व्हायला साधारण तीन ते सहा महिने द्यावे लागतात, संसर्ग त्या मंद जंतूंचा असेल तर त्याहून जास्त. मधल्या काळात ब्रामध्ये घालायचं हलकं पॅड मिळतं, स्तनाच्या कर्करोगाच्या पेशंटसाठी जिथे मिळतं तिथेच. आधी नर्सकडून ते लावायला शिकून घ्या, ताज्या टाक्यांवर घासलं जाऊ नये. सहा महिन्यांनी तुम्हाला पुन्हा बसवावंसं वाटेल, किंवा दुसरं काढून दोन्ही बाजू सारख्या करून घ्याव्याशा वाटतील. दोन्ही चालण्यासारखं आहे, आणि आज ठरवायची गरज नाही.

बोलायला कुणी नाही म्हणता, तर पुढच्या तपासणीला सर्जनकडून वीस मिनिटं वेगळी मागून घ्या, ड्रेसिंग सोडून, नुसती बोलायला. झोप लागत नसेल, जेवण जात नसेल, तर समुपदेशकाची चिठ्ठीही तिथेच मागा. जाताना तीन कागद सोबत ठेवा: शस्त्रक्रियेची नोंद, काढलेल्या इम्प्लांटचा स्टिकर आणि कल्चरचा अहवाल. अहवालात "वाढ नाही" असं लिहिलेलं असेल, तर नमुना किती दिवस ठेवला होता, तेही विचारून त्याच कागदावर लिहून घ्या.